तीनचं स्पेलिंग

मालन बारावी झालेली होती, आणि हे तिच्या सासरी कुणी विसरू दिलं नाही. कौतुकानं नव्हे, टोमण्यापुरतं. कालवणात मीठ जास्त पडलं की सासू आवडाबाई म्हणायची, "बारावीन मीठ शिकवीत नय वाटतं." पोरीचा लंगोट उलटा बांधला गेला की मधली जाऊ शीला म्हणायची, "शिकलेल्यांचं असंच असतं गं, पुस्तकात बघून बांधतात." मालन हसून घ्यायची. कल्याणजवळच्या गंधाऱ्याहून ती ठाण्याशेजारच्या कोलशेतला सून म्हणून आली त्याला दोन वर्षं होत आली होती. मांडीवर चिमी होती, अजून नीट बसताही न येणारी. हसून घेतलं की दिवस पुढं सरकतो, एवढं मालनला एव्हाना समजलं होतं.

चिमी झाली तेव्हा मालनला दूध यायला वेळ लागला होता. पोर भुकेनं निळी पडेपर्यंत रडायची. तेव्हा वाटीतून चमच्यानं गायीचं दूध पाजत, पायांवर घेऊन जोजवत बसली ती शीला. शीलाला स्वतःचं मूल नव्हतं. ती टोमणेही मारायची आणि चिमीला आंघोळही तीच घालायची. दोन्ही एकाच हातानं.

त्या बारावीचा पहिला उपयोग निघाला तो शीलाच्या नवऱ्यामुळे. दौलत आधी केमिकलच्या कंपनीत होता. कंपनी बंद पडल्यावर त्यानं ठाण्याला नौपाड्याच्या एका गल्लीत सायबर कॅफे टाकला. चार कॉम्प्युटर, एक पंखा, दाराला पडदा. नव्व्याण्णव साल चालू होतं. ज्याच्या त्याच्या तोंडी इंटरनेट होतं आणि ज्यांनी ते पाहिलं नव्हतं ते जास्त बोलायचे. दौलतनं ठरवलं की घरच्या मसाल्याची वेबसाईट काढायची.

मसाला घरचा म्हणजे खरंच घरचा. दर उन्हाळ्यात थोरली मंजुळा, मधली शीला आणि धाकटी मालन गच्चीवर मिरच्या वाळवायच्या, देठं खुडायच्या, परसात मोठ्या कढईत भाजायच्या, ठसके देऊन देऊन अर्ध्या आळीला शिंकायला लावायच्या आणि मग डंकावर कुटून आणायच्या. सोयऱ्याधायऱ्यांत त्या मसाल्याचं नाव होतं. 'तीन जावांचा मसाला' हे कुणी ठेवलेलं नव्हतं, आपोआप पडलेलं.

"नाव इंग्रजी अक्षरांत लागतं," दौलत म्हणाला. "मराठी अक्षरं सगळ्यांच्या मशीनवर उमटत नाहीत, चौकोन चौकोन दिसतात. मालन, तीन जावा कसं लिहू?"

मालन चिमीला खांद्यावर थोपटत होती. "टी डबल ई एन, तीन."

"टी आय एन नको?"

"त्याचं टिन होईल भावजी. पत्र्याचा डबा. तीन हात नाक्याच्या पाटीवर बघा ना, डबल ई आहे."

मंजुळा खो खो हसली. "डबा नको बाई. आधीच आपण काय कमी डबे आहोत."

पाटीवर होतं म्हणजे बरोबर होतं. तीन लिहिलं गेलं. गच्चीवर लाल मिरच्यांच्या पसाऱ्यापुढं तिघींचा फोटो काढला. मालन बुटकी, म्हणून मधे. आणि खाली लिहायचा मजकूर, इंग्रजी अक्षरांत मराठीच, दौलतनं तिच्यावरच टाकला. चिमी दुपारी झोपली की ती पाटावर कागद ठेवून लिहायची. मिरचीचं देठ नखानं का खुडायचं, कातरीनं का नाही. धणे आधी का भाजायचे. हळकुंड फोडताना मंजुळाताई कुणावर राग काढते. चिमी हलली की पेन टाकायचं, पायानं झोळीला झोका द्यायचा, परत पेन उचलायचं. लग्नानंतर वाणसामानाची यादी सोडून तिनं काही लिहिलं नव्हतं. चार पानं झाली तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

त्या वेबसाईटच्या तळाशी एक काळी पट्टी होती, रिक्षाच्या मीटरसारखी. कुणी येऊन बघून गेलं की आकडा एकानं पुढं. दौलत रोज जेवताना सांगायचा.

"आज एक वाढला."

"तो तुम्हीच असाल," शीला म्हणायची.

महिनाभरात मीटर असाच रखडत रखडत अकरावर आला. दुबईतला मंजुळाचा भाचा, त्याचे दोन मित्र, बाकी दौलत स्वतः. मग एका सोमवारी दौलत दुपारीच कॅफे बंद करून घरी आला, चपला न काढता आत. "हजारांवर गेलं," तो म्हणाला. "एका रात्रीत. मी आधी म्हटलं मशीन बिघडली."

मंगळवारी आणखी वाढलं. आठवड्यात असा आकडा झाला की तो वाचताना दौलतची जीभ अडखळायची. घरात जो तो कारण शोधू लागला. मंजुळाचं म्हणणं, भाच्यानं दुबईभर सांगितलं. आवडाबाईचं म्हणणं, एकवीरा आई पावली. तिनं हात जोडले. दौलत म्हणायचा, "इंटरनेटवर असंच असतं आई. गावात हवा होते ना एखाद्याची, तशी. एकानं दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्यानं दहांना. का झाली ते विचारायचं नसतं, झाली की होडी सोडायची."

"मना त्या मशीनीतलं काय कलत नय," आवडाबाई म्हणाली, "पन फोटोन मधी कोन हाय? मालनच ना? तिचे पायगुनान झालं."

त्या दिवशी मालनच्या ताटात बोंबलाची मधली तुकडी आली. नवरा उत्तम खाली मान घालून जेवत होता, पण हसत होता. चुलतसासऱ्यांच्या घरच्या बाया दारातून डोकावून गेल्या. मालन कुणाला बोलली नाही, पण तिच्या मनात वेगळंच चाललं होतं. फोटो काय, एकदा बघून होतो. एवढी माणसं येतात ती वाचत असतील. नखानं देठ खुडणं, हळकुंडावरचा राग, ते सगळं. कुठल्याशा गावात कुठलीशी बाई पोराला झोका देत देत वाचत असेल. चिमीच्या कानाशी तोंड नेऊन ती म्हणाली, "तुझ्या आईचं लोक वाचतात गं." चिमीनं तिच्या नाकाला हात घातला.

एक गोष्ट मात्र तिला खटकत होती.

"भावजी, एवढी माणसं येतात, तर पावशेर मसाला तरी मागायला हवा होता ना कुणीतरी?"

"मसाल्याचं सोड," दौलत म्हणाला. "आता आकडा हाच माल."

चिमीला डोस द्यायला मालन ठाण्याला गेली आणि येताना नौपाड्याला उतरली. दौलत चहाला गेला होता. कॅफेत दोन कॉलेजची मुलं पडद्याआड बसली होती आणि एका कॉम्प्युटरवर त्यांची वेबसाईट उघडी होती. खाली पाहुण्यांनी अभिप्राय लिहायची जागा होती, हे मालनला ठाऊक होतं. तिनंच तिथं 'या, बसा, चार शब्द लिहा' असं लिहून दिलं होतं. पोरीला कडेवर घेऊन, एका हातानं, तिनं ते उघडलं.

लोक आले होते, बसले होते, चार शब्द लिहून गेले होते.

पोरी कुठायत? एकानं विचारलं होतं. या तीन म्हाताऱ्या कोण? दुसऱ्यानं. मिरच्यांपेक्षा मोलकरणी जास्त लाल, तिसऱ्यानं. फसवलंत, वेळ फुकट घालवलात. मग फोटोतल्या मधलीबद्दल. मधलीबद्दल बरंच. काही शब्द बारावीच्या इंग्रजीत नव्हते, पण समजायला बारावी लागत नव्हती. ती खाली खाली जात राहिली. चिमी कीबोर्डवर हात आपटत होती. त्या एवढ्या मोठ्या ढिगात देठाबद्दल, धण्यांबद्दल, हळकुंडाबद्दल एका माणसानंही अक्षर लिहिलं नव्हतं. तिचं लिहिलेलं कुणी वाचलंच नव्हतं.

दौलत मागं येऊन उभा राहिला. हातातला चहाचा ग्लास त्यानं टेबलावर ठेवला.

"तुम्हाला माहीत होतं," मालन म्हणाली.

"दुसऱ्याच दिवशी समजलं." त्यानं पडद्याकडं बघत आवाज खाली घेतला. "ते जे शोधायचं यंत्र असतं ना, त्याला अर्थ समजत नाही. अक्षरं समजतात. तुझं तीन इंग्रजीत टीन होतं. टीन म्हणजे तरणी पोर. रात्रंदिवस माणसं तोच शब्द टाकून नको ते फोटो शोधत बसतात. यंत्रानं त्यांना आपल्या दारात आणून सोडलं. झालं."

"मग बदला. आत्ता बदला. टी आय एन करा, डबा तर डबा."

"बदललं तर उद्या परत अकरा."

"होऊ द्या अकरा."

"मालन, अंधेरीची एक कंपनी येतेय. नाव, फोटो, सगळं घेणार म्हणतात. त्यांना मी आकडा दाखवलाय, अभिप्राय नाही दाखवले. ती अभिप्रायांची पाटी मी पुसून टाकतो आज." त्यानं चिमीच्या गालाला बोट लावलं. "तू घरी बोलू नकोस. आणि बोललीसच, तर नाव कुणी दिलं ते पण बोलावं लागेल."

ती बोलली. पण एकीलाच. परसात शीला चिमीला तेल चोळत होती, तिथं बसून मालननं सगळं सांगितलं, शब्दाचा अर्थ सांगताना दोनदा थांबून. शीला ऐकत राहिली. तिचे हात थांबले नाहीत.

"उत्तमला सांगितलंस?"

"धीर होत नाही ताई. तुम्ही भावजींशी बोला ना. तुमचं ऐकतील."

"बोलते," शीला म्हणाली. "तू आता कुणाकडं तोंड उघडू नको. मी बघते." आणि चिमीला उलटी करून पाठ चोळायला लागली.

मालनला त्या रात्री झोप लागली.

दौलतनं पाटी पुसायच्या आधीच ती कुणीतरी कागदावर छापून घेतली होती. उत्तमच्या कंपनीतला जगन. कँटीनमधे ताटाखालून कागद फिरला, वाचता येणाऱ्यांनी न येणाऱ्यांना समजावून दिला, आणि शेवटी तो उत्तमच्या डब्याशेजारी कुणीतरी ठेवला. उत्तम शिफ्ट अर्धी टाकून घरी आला. ओटीवर सगळे होते. त्यानं कागद दौलतपुढं धरला.

"हे काय आहे दादा?"

दौलतनं कागद वाचायचा असल्यासारखा थोडा वेळ धरला. "मला काय विचारतोस. मी आठवी. नाव तिनं दिलं, स्पेलिंग तिचं. मी तर टी आय एन म्हणत होतो. विचार मंजुळावयनीला."

मंजुळा पदराशी चाळा करत म्हणाली, "म्हणाले होते खरे."

खोटं कुणीच बोलत नव्हतं. मालनला तेच समजेना, की सगळे खरं बोलत असताना हे असं कसं होतंय. "मला त्याचा तो अर्थ माहीत नव्हता," ती म्हणाली. "समजल्यावर मी भावजींना सांगितलं, बदला. शीलाताईला सगळं सांगितलंय मी. विचारा त्यांना."

सगळ्यांनी शीलाकडं पाहिलं. शीला सुपातल्या तांदळातले खडे वेचत होती. दौलत तिच्याकडं बघत नव्हता, समोरच्या खाडीकडं बघत होता.

"मला इंग्रजीतलं काय समजतंय," शीला म्हणाली. "ती काहीतरी बडबडत असते दिवसभर."

उत्तमनं फक्त एकच गोष्ट विचारली, आणि आवाज चढवून नाही. "तू वाचलेलंस? ठाण्याला गेलेलीस तेव्हा?"

"हो."

"आणि घरी येऊन भाकऱ्या थापल्यास. मला नाही सांगितलंस. म्हणजे तुला आवडलं."

मालननं चिमीला उचलून जवळ घेतलं.

आवडाबाईनं निकाल दिला. "गंधाऱ्याला जाऊन रा थोरे दिवस. गावान तोंड दाखवाला जागा नय ठेवली तुना. पोर अंगावर पिते, नयतं ती इकरंच ठेवली असती." पोर पिते हे ती असं म्हणाली, जशी ती मालनची एक चलाखीच होती.

ट्रंक भरताना शीला दारात आली. चिमीची काजळाची डबी तिच्या हातात होती. ती तिनं ट्रंकेत ठेवली आणि गेली.

गंधाऱ्याला आईनं तिसऱ्या दिवशी चुलीपुढं बसवून विचारलं, "भांडी असतात तिथं आवाज होतो. पण तू केलंस काय, ते तरी सांगशील?"

"मी तीन लिहिलं."

"बरं. मग?"

"एवढंच गं आई."

आईनं उठून चिमीला घेतलं, आणि पुन्हा विचारलं नाही. लेक काहीतरी लपवतेय याची तिची खात्री पटली होती.

पावसाळा गेला. चिमी रांगायला लागली, उंबऱ्याशी येऊन थांबायची आणि तो खाली जाणारा एवढासा उतार बघून विचारात पडायची. तिला खालचा एक दात आला, मग दुसरा. दर वेळी मालनला वाटायचं, हे उत्तमला सांगायला हवं, आणि वाटेपर्यंतच राहायचं. ओळखीच्या एका बाईकडून बातमी आली की वेबसाईट चालूच आहे. नाव तेच. फोटोतून मालनला कापलंय. कापताना तिचा कोपर राहून गेलाय मंजुळाच्या कमरेशी, कुणाचा ते समजत नाही.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा दारात रिक्षा थांबली. आवडाबाई उतरली, मागून दौलत. आवडाबाईच्या हातात साडीचं पाकीट होतं. ते तिनं विहिणीच्या हातात दिलं आणि चिमीला उचलून घेतलं. "वालली पोर," ती म्हणाली. "घराशी न्याला आलूं."

मालनची आई लगबगीनं आत जाऊन चहा ठेवायला लागली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. देवानं ऐकलं म्हणत होती.

दौलत ओटीवर मालनपाशी बसला. "अंधेरीवाले आले होते," तो म्हणाला. "त्यांच्याकडं पहिला फोटो होता ना. म्हणतात, मधली बाई कुठाय? आकडा तिच्यामुळे आहे. ती नसेल तर बोलणीच नकोत. आता नवीन फोटो काढणार, मोठ्या कॅमेऱ्यानं."

"आणि शब्द?"

"कंपनी आली की सगळं बदलेल."

बदलणार नव्हतं. ते दोघांनाही माहीत होतं. "ते का नाही आले?" मालननं विचारलं.

"उत्तम? त्याची सेकंड शिफ्ट आहे. पण तो म्हणाला, आण." दौलतनं चप्पल पायानं सरळ केली. "ये तू. गाव विसरतं गं. टीव्हीवर नाव आलं की तेच जगन मागं मागं फिरतील. नाही आलीस, तर मग आई म्हणते, पोर आता वरचं खाते."

शेवटचं वाक्य तो असं म्हणाला, जसा हवापाण्याबद्दल बोलत होता. आत चिमी आवडाबाईच्या मांडीवर बसून तिच्या गळ्यातल्या पुतळ्या ओढत होती. मालन उठली आणि तिनं ट्रंक भरली. शीळफाट्याला रिक्षा ट्रकांच्या मधे तासभर अडकली.

कोलशेतला ट्रंक दारातच राहिली. आत कुणी नेली नाही, बाहेर कुणी काढली नाही. उत्तम रात्री आला, ट्रंक ओलांडून आत गेला, सकाळी ओलांडून बाहेर.

दोन दिवसांनी अंधेरीची माणसं आली. एक फोटोवाला, एक साहेब आणि डोंबिवलीची एक मुलगी. कॉलेज संपवून नाटकांत कामं करणारी, उंच, हसरी. गच्चीवर मिरच्या पसरल्या होत्या. दिवस मिरच्यांचे नव्हते, विकत आणलेल्या. तिघी जावा लुगडी नेसून उभ्या राहिल्या. शीलानं हिरवं नेसलं होतं, सणाचं.

साहेबानं मान तिरकी केली. "नाव तीनचं आहे, तेव्हा तीनच. मोठ्या बाई राहू देत, घरगुती वाटतात. मधल्या या." त्यानं मालनकडं बोट केलं. "आणि तिसरी ही आमची. त्या ताईंनी जरा बाजूला व्हा."

शीलाला आधी समजलंच नाही. दौलत पुढं झाला. "तू चिमीला घे," तो बायकोला म्हणाला. "ऊन लागतंय तिला."

"ते हिरवं छान आहे हो," फोटोवाला म्हणाला. "तेच द्या हिला."

शीला जिन्याआड जाऊन लुगडं सोडून आली, अंगाभोवती चादर गुंडाळून. त्या मुलीला नऊवारी नेसता येत नव्हती. शीलानंच तिला नेसवली, गुडघ्यांवर बसून, निऱ्या नीट करून, काष्टा घट्ट ओढून. मुलगी गुदगुल्या झाल्यासारखी हसत होती. "सॉरी हं मावशी," ती म्हणाली.

"एक आहे," साहेब म्हणाला. "आम्ही लिहिणार, सख्ख्या जावा. पेपरवाले येतील, विचारतील. गोंधळ नको. मधल्या ताई, तुम्ही बोलाल ना? ही कोण तुमची?"

गच्चीच्या दारात उत्तम उभा होता. गंधाऱ्याहून आल्यापासून पहिल्यांदाच तो मालनकडं सरळ बघत होता. आवडाबाई बघत होती. दौलत बघत होता. चिमीला कडेवर घेऊन, दुसऱ्या हातानं चादर धरून, शीलाही बघत होती. तिनं मान हलवली नाही, काही मागितलं नाही. नुसती बघत होती.

मालननं त्या मुलीचा हात हातात घेतला. हात गार होता आणि त्याला साबणाचा वास होता.

"ही माझी मधली जाऊ," ती म्हणाली. "आमचा मसाला हिच्या हातचा."

"परफेक्ट," साहेब म्हणाला.

फोटो बराच वेळ चालले. संपल्यावर मालन खाली आली. दारातली ट्रंक जागेवर नव्हती. उत्तम ती खोलीत नेऊन पलंगाखाली सरकवत होता. परसात, लुगडं परत मिळायची वाट बघत, शीला चादरीतच भिंतीला टेकून बसली होती. चिमी तिच्या खांद्यावर झोपली होती, तोंड उघडं, लाळ गळत असलेली.

मालननं हात पुढं केले.

"आत्ताच डोळा लागलाय," शीला म्हणाली. "राहू दे ना जरा."

"माझ्याकडं द्या," मालन म्हणाली.

शीलानं मानेखाली हात घालून, सांभाळून, पोर तिच्या हातांत दिली. त्या देवघेवीत चिमी जागी झाली आणि रडायला लागली. मालन तिला घेऊन आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.